ऑस्ट्रेलियात डोझर हलवताना : लोबेड, साखळ्या, जोई बॉक्स आणि गाजर गवत

लोबेडवेडा
ऑस्ट्रेलियातल्या अवजड वाहतुकीचे व्हिडिओ बघणारे इथे पुष्कळ आहेत, पण गप्पा 'ट्रक किती हॉर्सपॉवरचा' इथेच थांबतात. या धाग्यात एकच काम घेऊ : एका खाणीवरचा डोझर दुसऱ्या ठिकाणी न्यायचा. सुरुवात मी करतो, चुकलं तर झोडा.

तिथल्या साध्या सहा ॲक्सलच्या सेमी-ट्रेलरला एकूण ४२.५ टन चालतात. पुढचा ॲक्सल ६, ड्राइव्हची जोडी १६.५ आणि मागची तिकडी २०, अशी ती बेरीज. रुंदी २.५ मीटर, उंची ४.३ मीटर, लांबी १९ मीटर. याच्या बाहेर गेलात की एकतर ठरलेल्या अधिसूचनेत बसायचं, नाहीतर परवाना काढायचा.

आता कॅटरपिलर डी९टी घ्या. काम करताना वजन साधारण ४८ टन. ट्रॅकच्या मध्यांमधलं अंतर २.२५ मीटर आणि पट्टा ०.६१ मीटर, म्हणजे नुसत्या ट्रॅकची रुंदी २.८६ मीटर. सेमी-यू ब्लेड (समोरचं माती ढकलणारं पातं) ४.३ मीटरच्या आसपास. म्हणजे सगळं काढून ठेवलं तरी हा गडी साध्या मापात बसतच नाही. म्हणून टू-बाय-एट डॉली (ट्रक आणि ट्रेलरच्या मधली चाकांची जोडगाडी) आणि फोर-बाय-एट लोबेड (खाली बसलेल्या डेकचा ट्रेलर) लागतो. डॉलीला दोन ओळी, लोबेडला चार, प्रत्येक ओळीत आठ टायर. सहा-बाय-चार (तीन ॲक्सल, त्यातले दोन ड्राइव्हचे) ट्रकचे दहा धरले तर रस्त्यावर ५८ टायर. लोबेडचा डेक बाजूंनी पसरवून साडेतीन मीटरच्या आसपास रुंद करता येतो, त्यामुळे ट्रॅक डेकबाहेर लोंबकळत नाहीत.

नवशिक्या
वाचतोय. एक शंका : डी११ आख्खाच नेतात का? आणि परवाना देतं कोण?

मुक्काम पर्थ
परवान्याचं आधी. १० फेब्रुवारी २०१४ पासून क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि राजधानी प्रदेश यांना एकच अवजड वाहन कायदा लागू आहे. तो राष्ट्रीय नियामक चालवतो, त्याचं मुख्यालय ब्रिस्बेनला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यात नाहीत, त्यांचे नियम वेगळे. म्हणजे ब्रिस्बेनहून वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराला मशीन जाणार असेल तर वाटेत कायदाच बदलतो, आणि पायलट गाडीचे (भाराच्या पुढे-मागे चालणाऱ्या इशाऱ्याच्या गाडीचे) नियमही. अर्ज करताना गाडीचा नुसता नंबर देऊन भागत नाही. ॲक्सलमधली अंतरं, प्रत्येक गटावरचं वजन आणि जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतची उंची द्यावी लागते. वाटेतल्या पुलांची तपासणी याच आकड्यांवर होते.

डी११ काम करताना १०४ टनांच्या घरात जातो. ट्रॅकची रुंदी ३.६ मीटर, ब्लेडच्या बाह्या जिथे बसतात त्या ट्रनियनवर मोजली तर ४.३८ च्या आसपास. ब्लेड आणि रिपर (मागचा, जमीन उकरणारा दात) वेगळ्या ट्रेलरवर जातात. केबिन आणि त्यावरचा संरक्षक सांगाडा धरून उंची ४.७ मीटरच्या आसपास आहे. त्यात डेकचे ०.९ मिळवा, ५.६ झाले. विजेच्या तारा असलेल्या रस्त्यावर हे चालत नाही, म्हणून उंचीचा प्रश्न असेल तिथे सांगाडाही उतरवतात.

काळी माती
ब्लेड काढण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बोटं तिथेच जातात.

सपाट, कडक जागा हवी. ब्लेड जाड ओंडक्यांवर दोन्ही टोकांना सारखं टेकवा. एका बाजूला दोन इंच उंच राहिलं तर पुश-आर्ममध्ये (ब्लेडच्या बाहीत) ताण साठतो आणि ट्रनियनची कॅप सैल करताक्षणी आर्म झटका देते. पुश-आर्मखालीही ठोकळे द्या. इंजिन बंद करा, मग ब्लेडचा लिव्हर सगळ्या दिशांना चार-पाच वेळा हलवून हायड्रॉलिकचा दाब मोकळा करा. हे न करता टिल्टचा (ब्लेड तिरपं करणाऱ्या सिलिंडरचा) होज सोडला तर गरम तेल अंगावर येतं. होजच्या दोन्ही तोंडांना लगेच टोपणं. चिंधी कोंबू नका, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. मग लिफ्ट सिलिंडरच्या पिना काढून सिलिंडर वर बांधायचे, शेवटी ट्रनियनच्या कॅप. कॅपखाली शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) निघाल्या तर डाव्या-उजव्या वेगळ्या पिशवीत, वर लिहून. मग डोझर सरळ मागे घ्या, अजिबात न वळवता.

आणि ब्लेड काढलं पण रिपर तसाच राहिला, तर मशीनचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. ब्लेडसकट डोझर डेकवर जिथे उभा करायचा, त्याच खुणेवर बिनब्लेडचा उभा केला तर मागच्या चार ओळी जास्त दबतात आणि डॉली हलकी राहते. ब्लेड काढलं की मशीन पुढे, गूजनेकच्या (लोबेडच्या पुढच्या, वर वाकलेल्या मानेच्या) जवळ घ्यायचं.

अठरा_गिअर
काळी माती, +१. हे कळायला हायड्रॉलिक सस्पेन्शनचे गेज आहेत. प्रत्येक सर्किटचा दाब वाचायचा आणि रिकाम्या ट्रेलरच्या नोंदीशी ताडायचा. डावं-उजवं सर्किट वेगळं असेल तर मशीन मधोमध आहे की नाही तेही तिथेच दिसतं. अंदाजाने उभं करून वजनकाट्यावर नशीब आजमावण्यात अर्थ नाही.

घाटमाथा
चढवण्याची पद्धत कुणी तरी लिहा. व्हिडिओत ते तीस सेकंदांत उरकतात.

लोबेडवेडा
तीस सेकंदांतच उलटतोही.

ट्रक आणि ट्रेलर एका रेषेत, जमीन दोन्ही बाजूंना समपातळीत. डेकला डावीकडे दोन अंशांचा कल असला तरी ओल्या पोलादावर ट्रॅक तिकडे घसरतो. पार्किंग ब्रेक लावायचे आणि चाकांना गुटके द्यायचे. मग ट्रेलरच्या शेपटीखालचे आधाराचे पाय खाली सोडून टेकवायचे. हे विसरलं तर डोझरचं वजन रॅम्पवर येताच शेपटी दबते, गूजनेक वर उचलला जातो आणि ट्रकची ड्राइव्ह चाकं हलकी होतात. ट्रकचा पार्किंग ब्रेक त्याच चाकांवर असतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

रॅम्पवर लाकडी फळ्या किंवा रबर हवं. डोझरच्या ट्रॅकचे दात नुसत्या लोखंडावर बर्फावरच्यासारखे सरकतात. पहिला गिअर, रेषा खालीच जुळवून घ्यायची, रॅम्पवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. रेषा चुकली तर परत खाली उतरून पुन्हा चढायचं. खरी जागा माथ्यावर आहे. मशीनचा मध्य रॅम्पच्या टोकावर आला की ते झोपाळ्यासारखं हलतं. तिथे जवळजवळ थांबायचं आणि नाक हळूच डेकवर टेकू द्यायचं. वेगात गेलं तर ४८ टन धप्पकन आदळतात आणि डेकच्या आडव्या पट्ट्या वाकतात. खुणा करणारा माणूस एकच, तोही समोर, बाजूला उभा, दोन्ही ट्रॅक दिसतील असा. रॅम्पच्या मागे कुणीही नाही.

वर आल्यावर : ब्लेड आणि रिपर ठोकळ्यांवर टेकवायचे, पार्किंग ब्रेक, बॅटरीचा मुख्य स्विच बंद. आणि सायलेन्सरचं तोंड झाका. बंद इंजिनात वाऱ्याने टर्बो फिरत राहतो, आणि तेलाचा पंप बंद असल्यामुळे त्याच्या बेअरिंगला वंगण मिळत नाही. हजार किलोमीटरच्या प्रवासात कोरडा फिरलेला टर्बो पुढच्या साइटवर निळा धूर काढतो, आणि सगळे इंजिनाला दोष देत बसतात.

साखळदंड
आता माझा विषय. 'चार साखळ्या टाकल्या, झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब.

तिथल्या भार-बांधणीच्या नियमांत बांधणीने पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, बाजूला ०.५ पट आणि मागे ०.५ पट जोर सहन करायला हवा. डी९ चे ४८ टन, म्हणजे पुढे ३८.४ टन. रबर किंवा लाकडावर घर्षण ०.४ धरलं तर १९.२ टन घर्षणच रोखतं, उरलेले १९.२ साखळ्यांनी रोखायचे.

१३ मिमी ट्रान्सपोर्ट साखळीची क्षमता ९ टन, १० मिमीची ६ टन. पण साखळी सरळ आडवी नसते. खाली २५ अंश आणि आतल्या बाजूला २५ अंश गेली तर ९ × ०.९१ × ०.९१, साधारण ७.४ टनच पुढच्या दिशेला कामी येतात. दोन साखळ्या १४.८ टन, कमी पडल्या. तीन २२ टन, पुरतात. पण डावं-उजवं सारखं हवं म्हणून चार. लक्षात घ्या, या चारही मशीन *मागे* ओढणाऱ्या हव्यात. मागे जाऊ नये म्हणून पुढे ओढणाऱ्या दोन वेगळ्या.

हाच डोझर ओल्या, चिखलाळ लोखंडी डेकवर ठेवा. घर्षण ०.१, साखळ्यांवर ३३.६ टन. ७.४ ने भागा, पाच लागतात, जोड्यांनी सहा. रबराच्या चार पट्ट्यांनी दोन जाड साखळ्या वाचतात. खाणीवर जुना कन्व्हेयर बेल्ट फुकट पडलेला असतो, त्याचे तुकडे कापून टाका. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात स्वस्त सुरक्षा तीच.

आणखी : साखळी आखूड करणारा हुक पंखवाला हवा. बिनपंखाच्या साध्या हुकात कडी नीट टेकत नाही, म्हणून क्षमता २५ टक्के कमी धरतात. आणि साखळी ९ टनांची पण ती डेकवर ज्या कड्यात अडकवली ते ५ टनांचं, तर बांधणी ५ टनांचीच.

घाटमाथा
साखळ्या फुलीसारख्या आडव्या टाकाव्यात की सरळ? भांडण नेहमीचं आहे.

साखळदंड
बाजूचा हिशेब करा : ०.५ वजा ०.४, म्हणजे ०.१ × ४८ = ४.८ टन. वरच्या उदाहरणातली प्रत्येक साखळी बाजूला साडेतीन टनांच्या आसपास ओढते, म्हणजे फुली असो-नसो दोन्हीकडून पुरून उरतं. फुलीचा फायदा अरुंद डेकवर, जिथे साखळी अडकवायची कडी मशीनच्या अगदी खाली येतात आणि सरळ साखळीला बाजूचा कोनच मिळत नाही. फक्त फुलीत दोन साखळ्या एकमेकींवर घासू देऊ नका. ट्रॅकच्या पट्ट्याला किंवा हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्याला तर कधीच बांधू नका. बांधण्याच्या जागा मशीनवर चिन्ह लावून दिलेल्या असतात.

अठरा_गिअर
साखळी ताणायला लिव्हरवाली ताणणी वापरून त्यात पाइप घालणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. तो लिव्हर परत येताना जबडा घेऊन जातो. टर्नबकल (स्क्रू फिरवून ताणायची ताणणी) वापरा. आणि पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणा. रबर आणि लाकूड दबतं, ट्रॅकमधला चिखल झडतो, साखळी सैल पडते. दुपारपर्यंत वाट बघू नका.

आता ट्रकबद्दल. इथे हॉर्सपॉवरची चर्चा कमी करू म्हटलं होतं, पण गिअरबॉक्सची करायलाच हवी. केनवर्थ १९७१ पासून मेलबर्नजवळ बेजवॉटरला बनतात, मॅक ब्रिस्बेनच्या वेकोलला. अवजड कामाच्या ट्रकात बहुतेकदा ईटनची १८ गिअरची रोडरेंजर असते. आरटीएलओ-२२९१८बी या नावातच माहिती आहे : सुरुवातीचे २२ म्हणजे २२५० पाउंड-फूट टॉर्क, शेवटचे १८ म्हणजे गिअर. सगळ्यात खालचा गिअर १४.४ ला १, सगळ्यात वरचा ०.७३.

१४.४ सुद्धा कमी पडतो तेव्हा मुख्य गिअरबॉक्सच्या मागे एक छोटी जोड-गिअरबॉक्स बसवतात. तिला तिकडे 'जोई बॉक्स' म्हणतात. जोई म्हणजे कांगारूचं पिलू, आईच्या पिशवीत बसलेलं. नाव झकास आहे, पण हेच पिलू डिफरन्शियल फोडतं.

कारण सोपं आहे. जोई मुख्य गिअरबॉक्सच्या *मागे* आहे, तिच्याकडे आधीच वाढलेला टॉर्क येतो. इंजिनाचा टॉर्क २७८० न्यूटन-मीटर, × १४.४ = ४०,०००. जोईचा लो २ ला १ धरला तर प्रॉपेलर शाफ्टवर ८०,०००. इतकं सहन करायला ना शाफ्ट बनलेला असतो ना क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकं). चाक घसरलं तर वाचतं. पण जोई लागते तेव्हा ड्राइव्हवर भरपूर वजन असतं, म्हणून चाक घसरत नाही. मग सगळ्यात कमजोर भाग सुटतो : युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस, ॲक्सल शाफ्टचे दाते किंवा क्राउनचा दात.

म्हणून नियम : मुख्य गिअरबॉक्सचा सगळ्यात खालचा गिअर आणि जोईचा लो एकत्र, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन वापरायचे नाहीत. जोई लो मध्ये घालून मुख्य गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यावर ठेवा. जोई बदलायची ती ट्रक पूर्ण थांबवूनच. चढावर मध्ये थांबावं लागलं तर क्लच झटक्याने सोडू नका, आधी साखळीतल्या ढिलाईसारखी सगळ्या जोडांमधली ढिलाई भरू द्या. पुढे-मागे दोन ट्रक असतील तर ओढणारा आणि ढकलणारा यांनी रेडिओवर 'ताण आला' म्हटल्याशिवाय कुणीच जोर लावायचा नाही.

घाटमाथा
आणि उतार?

अठरा_गिअर
उतारच जास्त वाईट. क्वीन्सलँडमधल्या टुवुम्बाचा जुना घाट जवळजवळ १० टक्के उताराचा. सप्टेंबर २०१९ मध्ये बायपास उघडला, तो ६.५ टक्क्यांच्या आसपास. आपला खंबाटकी ज्यांनी भरल्या ट्रकने उतरलाय त्यांना या साडेतीन टक्क्यांची किंमत कळेल. माथ्यावर थांबून ब्रेक आणि ड्रमचं तापमान बघायचं, चढताना लागला असता त्याहून एक गिअर खालचा निवडायचा, वेग इंजिन-ब्रेकने धरायचा आणि पायाचा ब्रेक लागलाच तर थोडा वेळ घट्ट दाबून पूर्ण सोडायचा. सतत हलका पाय ठेवला की ड्रम तापून फुगतो, ब्रेकचे शू त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पेडल दाबलेलं असूनही ट्रक पळतो. उतरून झाल्यावर तापलेल्या ड्रमवर पार्किंग ब्रेक लावून उभं राहू नका. ड्रम थंड होताना आक्रसतो आणि जाम बसतो.

नवशिक्या
शीर्षकात गाजर गवत का आहे?

काळी माती
कारण लोबेडवर चढण्याआधीचं सगळ्यात वेळखाऊ काम तेच आहे, धुणं.

आपल्याकडे पुण्यात १९५५ च्या सुमारास जे दिसलं आणि मग रानोमाळ पसरलं, तेच पार्थेनियम, म्हणजे गाजर गवत, क्वीन्सलँडमध्येही आहे. तिथे १९६० मध्ये अमेरिकेतून आलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते क्लेरमाँटजवळ पेरलं गेलं. क्लेरमाँट म्हणजे कोळसा-खाणींचाच पट्टा. म्हणून तिथून निघणारं मशीन स्वच्छ असल्याचं लेखी घोषणापत्र मागतात. ब्रिस्बेन परिसरात २००१ पासून लाल आग्या मुंग्यांचा प्रश्न आहे, त्यामुळे तिथल्या मातीच्या वाहतुकीवरही बंधनं आहेत.

धुण्याचा क्रम चुकवू नका. आधी कोरडं काम : पहार आणि फावड्याने ट्रॅक आणि रोलरमधली वाळलेली माती पाडायची. पाणी आधी मारलं तर तीच माती लापशी होऊन आत शिरते. मग पोटाखालचे गार्ड उघडायचे. हे बहुतेक जण टाळतात आणि तपासनीस नेमके तिथेच टॉर्च मारतात. आत गवत, तेल आणि बियांचा थर असतो, आणि तोच थर आग लागायलाही कारण होतो. रेडिएटर हवेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर फुंकायचा. जोराच्या पाण्याची तोटी जवळ धरली तर पंख दुमडतात. केबिनची चटई, सीटखाली, एअर-फिल्टरचा डबा, बॅटरीचा डबा. ट्रॅक अर्धा फेरा फिरवून खाली दबलेला भाग पुन्हा धुवायचा. धुतलेल्या जागेवरून थेट लोबेडवर, मध्ये गवतात उभं करायचं नाही. आणि लोबेडचा डेकही झाडा. मशीन चकाचक आणि डेकच्या फटीत मागच्या खेपेची माती, हे नेहमीचंच.

यात एक फायदाही आहे. डी९ च्या ट्रॅकमध्ये ओली काळी माती टनभर सहज बसते, आणि वर साखळदंडने मांडलेल्या गणितात तो टन नाही.

घाटमाथा
बंद पडलेलं जुनं मशीन असेल तर? जुन्या डोझरांचे शौकीन बहुधा मेलेलेच डोझर विकत घेतात.

लोबेडवेडा
विंचने ओढायचं. जुना डी८एच २५ टन धरा. १५ अंशांच्या रॅम्पवर उताराचा भाग २५ × ०.२६ = ६.५ टन, ट्रॅकचा स्वतःचा विरोध निदान १० टक्के म्हणजे २.५ टन. नऊ टन झाले. गंजलेले ट्रॅक असतील तर आणखी. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराची असते. दोर ड्रमवर चढत जातो तशी ती घटते, म्हणून १० टनी विंच पुरेल असं समजू नका. कप्पी लावून दोर दुहेरी करा. वेग निम्मा होतो, जोर जवळजवळ दुप्पट. दोराच्या दोन्ही बाजूंना, दोराच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही.

डी८एच न्यूट्रलमध्ये सरकतो. डी९टी सारख्या नव्या मशीनचे ब्रेक मात्र स्प्रिंगने लागतात आणि तेलाच्या दाबाने सुटतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेक लागलेला. बाहेरून दाब देऊन तो सोडवावा लागतो. सोडवला की डोझरला स्वतःचा ब्रेकच उरत नाही, म्हणून विंचचा दोर ताणल्याशिवाय ब्रेक सोडू नका, आणि डेकवर पुढे-मागे गुटके बसल्याशिवाय दोर सैल करू नका.

मुक्काम पर्थ
पायलटबद्दल राहिलं. पायलट गाडीच्या टपावर पिवळे दिवे आणि पाटी, पुढच्या गाडीला उंचीची काठी. ही काठी भारापेक्षा थोडी उंच लावतात. भाराइतकीच लावली तर ती तारेखालून जाते आणि झोके घेणारा भार अडकतो. ट्रकवाले सहसा यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरवर असतात. पुढचा पायलट समोरून येणाऱ्या रोड-ट्रेनला (एका ट्रकमागे अनेक ट्रेलर) रुंदी *मीटरमध्ये* सांगतो, आणि अरुंद पूल कुठल्या बाजूला आहे तेही. ५३.५ मीटरची रोड-ट्रेन थांबायला लांब अंतर घेते आणि डांबराच्या कडेला उतरली की मागचा ट्रेलर फटकतो. म्हणून सूचना वळणाच्या आधी द्यायची, वळणावर नाही.

नवशिक्या
आणि पोकलेन? त्यालाही हेच सगळं?

काळी माती
बहुतेक हेच. वर फिरणाऱ्या भागाची लॉक-पिन लावायची, बकेट डेकवर रबर घालून टेकवायचं आणि बकेटवरही साखळी टाकायची. उंची केबिनची मोजू नका, बूमच्या कोपराची मोजा, तीही साखळ्या ताणल्यानंतर आणि सस्पेन्शन प्रवासाच्या उंचीवर आणल्यानंतर. बरं, 'पोकलेन' हा शब्द तिकडे कुणाला कळणार नाही. ती एका फ्रेंच कंपनीची आपल्याकडे राहिलेली आठवण. तिकडे 'एक्स्कव्हेटर' म्हणा, नाहीतर नुसतं 'डिगर'.